अमेरिकेतली मोठी शहरं किती लिबरल? मतांच्या टक्केवारीपलीकडचं उत्तर

प्रश्न थोडक्यात असा आहे: सॅन फ्रान्सिस्को, सिएटल, न्यूयॉर्क, शिकागो, बोस्टन, ऑस्टिन यांपैकी राजकीयदृष्ट्या सर्वांत लिबरल शहर कोणतं आणि ते ठरवायचं कसं? प्रश्न पुण्याच्या एका आईचा आहे. मुलीला ऑस्टिन आणि सिएटल अशा दोन ठिकाणी नोकरी मिळते आहे. त्यांनी २०२४ च्या अध्यक्षीय निवडणुकीचे आकडे जमवून स्वतःच शहरांचा एक क्रम लावला आहे आणि तो बरोबर आहे का, असं विचारलं आहे.

मी बरीच वर्षं अमेरिकेतल्या नगरपालिकांसाठी जमीनवापर आणि घरबांधणीच्या आराखड्यांवर काम करतो आहे. या कामात जनसुनावण्यांना बसावं लागतं, मतदान केंद्रनिहाय निकाल वाचावे लागतात आणि कौन्सिलमध्ये कोणता ठराव कुणाच्या मतांवर तरेल किंवा बुडेल याचा आधीच अंदाज घ्यावा लागतो. त्या अनुभवावरून सांगतो, अध्यक्षीय मतांवरून लावलेला क्रम मोठ्या शहरांच्या बाबतीत फारसा कामाचा नाही. तिथला मतदार रिपब्लिकन पक्षाला नाकारतो, एवढंच त्यावरून कळतं. नाकारल्यावर त्याला हवं काय असतं, ते कळत नाही. आणि शहराचं खरं राजकारण तर तिथूनच सुरू होतं.

याचा उत्तम पुरावा म्हणजे दोन जुन्या क्रमवाऱ्या. २००५ मध्ये बे एरियातल्या, म्हणजे सॅन फ्रान्सिस्को परिसरातल्या, एका संशोधन संस्थेने २००४ ची अध्यक्षीय मतं घेऊन एक लाखावर वस्तीच्या शहरांचा क्रम लावला. त्यात सर्वांत लिबरल शहर ठरलं डेट्रॉइट आणि दुसऱ्या क्रमांकावर आलं इंडियाना राज्यातलं गॅरी. पुढे २०१४ मध्ये क्रिस टॉसानोविच आणि ख्रिस्तोफर वॉरशॉ या दोन राज्यशास्त्रज्ञांनी वेगळी वाट धरली. कर, आरोग्य, बंदुका, समलिंगी विवाह अशा धोरणांवर लोकांनी मोठ्या सर्वेक्षणांमध्ये दिलेली उत्तरं त्यांनी एकत्र केली आणि अडीच लाखांवर वस्तीची शहरं ओळीने मांडली. पहिल्या पाचांत सॅन फ्रान्सिस्को, वॉशिंग्टन डीसी, सिएटल, ओकलंड आणि बोस्टन. सर्वांत कॉन्झर्व्हेटिव्ह निघालं अ‍ॅरिझोनातलं मेसा. डेट्रॉइट या पाचांत नव्हतं.

हा फरक पडला कशामुळे? डेट्रॉइटच्या लोकसंख्येत सुमारे तीन चतुर्थांश कृष्णवर्णीय आहेत. नागरी हक्कांच्या लढ्यापासून हा समाज जवळजवळ एकमुखाने डेमोक्रॅटिक पक्षाला मत देत आला आहे, आणि त्याला सबळ कारणं आहेत. पण याच मतदारांमध्ये चर्चला नियमाने जाणारे, गल्लीत पोलिसांची गस्त हवी असं ठामपणे म्हणणारे, आयुष्यभराच्या कमाईतून घेतलेल्या छोट्या घरावर मालमत्ता कर वाढू नये म्हणून झगडणारे लोक भरपूर आहेत. अशा शहरात २०१४ ते २०२५ माइक डगन महापौर होते. मोठ्या बांधकाम प्रकल्पांना करसवलती देणारा, उद्योगजगताशी जमवून घेणारा हा डेमोक्रॅट. डिसेंबर २०२४ मध्ये तर गव्हर्नरपदासाठी पक्ष सोडून अपक्ष उभं राहण्याची घोषणा त्यांनी केली. २०२४ मध्ये सुमारे ९० टक्के मतं डेमोक्रॅटिक उमेदवार कमला हॅरिसना देणाऱ्या शहराचा हा महापौर होता.

न्यूयॉर्कमध्येही २०२१ च्या डेमोक्रॅटिक प्रायमरीत, म्हणजे पक्षाचा महापौरपदाचा उमेदवार ठरवणाऱ्या मतदानात, हेच दिसलं. पोलीस दलातून निवृत्त झालेले एरिक अ‍ॅडम्स ब्राँक्स, आग्नेय क्वीन्स आणि मध्य ब्रुकलिनमधल्या कृष्णवर्णीय, लॅटिनो कष्टकरी वस्त्यांच्या बळावर जेमतेम सात हजार मतांनी जिंकले. मॅनहॅटनच्या सुशिक्षित, सुखवस्तू भागाने कॅथरिन गार्सिया यांना पसंती दिली होती. अध्यक्षीय निवडणुकीत हे दोन्ही गट एकाच चिन्हावर शिक्का मारतात.

दुसरी अडचण शहराच्या हद्दीची. तुलना करणारे लोक हिच्याकडे सर्वांत कमी लक्ष देतात, म्हणून जरा सविस्तर सांगतो. सॅन फ्रान्सिस्कोचं क्षेत्रफळ सुमारे ४७ चौरस मैल, बोस्टनचंही तेवढंच. म्हणजे या शहरांची आकडेवारी केवळ दाट गाभ्याची असते, उपनगरं कागदोपत्री वेगळी शहरं असतात. याउलट फ्लोरिडातल्या जॅक्सनव्हिलने १९६८ मध्ये आख्खी काउंटी, म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा विभाग, पोटात घेतली आणि ते ७०० चौरस मैलांच्या वर गेलं. नॅशव्हिलने १९६३ मध्ये आणि इंडियानापोलिसने १९७० मध्ये असंच केलं. ह्यूस्टन ६०० चौरस मैलांहून मोठं आहे. या शहरांच्या आकड्यात अंगणवाली घरं, दोन-दोन गाड्या आणि रिपब्लिकन मतं आपोआप मिसळतात. जॅक्सनव्हिलच्या जुन्या गाभ्यातले वॉर्ड तेवढे वेगळे काढून बघा, चित्र पुष्कळ बदलतं. ‘बोस्टन जॅक्सनव्हिलपेक्षा लिबरल आहे’ हे खरंच, पण त्या फरकात नकाशावरच्या रेषेचा वाटा किती आणि माणसांच्या विचारांचा किती, हे आधी वेगळं करावं लागतं.

तिसरा मुद्दा, शहराच्या हातात सत्ता किती. अमेरिकेत नगरपालिका ही राज्याची निर्मिती आहे. राज्य विधिमंडळाच्या मनात आलं की शहराचा ठराव रद्द होतो. अलाबामातल्या बर्मिंगहॅमने २०१६ मध्ये किमान वेतन ताशी १०.१० डॉलर करायचं ठरवलं, राज्याने लगोलग कायदा करून ते अडवलं. शार्लटने त्याच वर्षी ट्रान्सजेंडर नागरिकांना संरक्षण देणारा ठराव केला, नॉर्थ कॅरोलिनाने तो पुसून टाकला. ऑस्टिनने २०१८ मध्ये खासगी कर्मचाऱ्यांना पगारी आजारपणाची रजा द्यायचं ठरवलं, ते कोर्टात अडकलं. पुढे २०२३ मध्ये टेक्सासने असा व्यापक कायदा केला की कामगार, शेती, वित्त, मालमत्ता अशा कितीतरी विषयांत राज्याच्या कायद्यापलीकडे जाणारे नियम शहरांना करता येऊ नयेत. म्हणून टेक्सासमधल्या शहराने काय ‘केलं’ यावरून त्याला कमी लिबरल ठरवणं अन्यायाचं आहे. आणि कॅलिफोर्नियातल्या शहराने काय केलं याचं सगळं श्रेय त्या शहराला देणंही तितकंच चुकीचं.

आता शहरांकडे वळतो.

सॅन फ्रान्सिस्को. व्यक्तिगत स्वातंत्र्य, लैंगिकता, स्थलांतरित या विषयांवर या शहराच्या तोडीचं दुसरं नाही. १९८९ मध्ये त्यांनी सँक्चुअरी शहराचा, म्हणजे स्थलांतरितांची धरपकड करायला केंद्र सरकारला मदत न करण्याचा, कायदा केला. फेब्रुवारी २००४ मध्ये महापौर गॅव्हिन न्यूसम यांनी समलिंगी जोडप्यांना विवाहाचे परवाने द्यायला सुरुवात केली, तेव्हा त्यांच्याच पक्षातले बहुसंख्य नेते अंग राखून होते. पण याच शहराने फेब्रुवारी २०२२ मध्ये शाळा मंडळाच्या तीन सदस्यांना मुदतीआधीच मतदानाने पदावरून हटवलं, त्यात चिनी वंशाचे पालक आघाडीवर होते. जूनमध्ये सुधारणावादी सरकारी वकील चेसा बूदिन यांनाही घरी पाठवलं. मार्च २०२४ मध्ये पोलिसांना जादा अधिकार देणारा ठराव आणि सरकारी आर्थिक मदत घेणाऱ्या, व्यसनाचा संशय असलेल्या लोकांना तपासणीची अट घालणारा ठराव, दोन्ही मतदारांनी मंजूर केले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये हॅरिसना ८० टक्के मतं आणि महापौरपदी डॅनियल ल्यूरी, मध्यममार्गी आणि गर्भश्रीमंत. यात विसंगती काही नाही. इथला मतदार दुसऱ्याच्या खासगी आयुष्यात ढवळाढवळ करत नाही, मात्र फुटपाथ, शाळा आणि चोऱ्या हे त्याच्या लेखी विचारसरणीचे विषय नाहीत.

घरांच्या प्रश्नावर मात्र हे शहर मला कायम अस्वस्थ करतं. ऑक्टोबर २०२१ मध्ये स्टीव्हनसन स्ट्रीटवर, शहराच्या मध्यवस्तीत, भुयारी रेल्वेच्या स्टेशनजवळ, गाड्या लावायच्या एका मोकळ्या जागेवर ४९५ घरांची इमारत प्रस्तावित होती. सुपरवायझर मंडळाने, म्हणजे तिथल्या कौन्सिलने, ८ विरुद्ध ३ मतांनी ती अडवली. विरोधात मत देणारे स्वतःला पुरोगामी म्हणवणारे होते. घरं बांधलीच नाहीत तर भाडी चढतात आणि कृष्णवर्णीय, कष्टकरी, तरुण कुटुंबं शहराबाहेर फेकली जातात. १९७० मध्ये तिथे सुमारे १३ टक्के कृष्णवर्णीय होते, आता ते पाच टक्क्यांच्या आसपास उरले आहेत. ज्या शहरात गरीब माणसाला राहायलाच जागा नाही, त्या शहराचं उदारपण कुणाच्या कामाचं, असं मला मनापासून वाटतं.

हे फक्त तिथलंच नाही. एका सधन, पक्क्या डेमोक्रॅट उपनगरातली सुनावणी सांगतो. कोपऱ्यावरच्या प्लॉटवर एका घराऐवजी चार सदनिकांची, तीन मजली इमारत व्हायची होती. त्या गल्लीत अर्ध्याअधिक अंगणांत ‘सर्वांचं इथे स्वागत आहे’ अशा इंग्रजी-स्पॅनिश पाट्या रोवलेल्या. सुनावणीला एकामागून एक शेजारी उठले. कुणी पार्किंगचा मुद्दा काढला, कुणी एका जुन्या मेपल वृक्षाचा, कुणी दुपारनंतर आपल्या भाजीच्या वाफ्यावर पडणाऱ्या सावलीचा मोजून आणलेला नकाशा भिंतीवर दाखवला. भाडेकरू नकोत असं एकदाही कुणाच्या तोंडून आलं नाही. बाजूने बोलायला दोनच माणसं आली होती, दवाखान्यात रात्रपाळी करणारी एक नर्स आणि शाळेचा एक बसचालक. दोघंही रोज दूरवरून त्या गावात कामाला येणारे. प्रस्ताव दोन सदनिकांवर आला आणि मग बिल्डरने तो सोडूनच दिला. मतदान केंद्रनिहाय निकालात ती गल्ली गडद निळी, म्हणजे पक्की डेमोक्रॅट, दिसते.

घरांच्या कसोटीवर उलटीच शहरं पुढे येतात. मिनियापोलिसने डिसेंबर २०१८ मध्ये कौन्सिलच्या १२ विरुद्ध १ मतांनी नवा आराखडा मंजूर केला आणि ‘इथे फक्त एका कुटुंबाचं एकच घर’ हा नियम शहरभर मोडीत काढला. असं करणारं हे अमेरिकेतलं पहिलं मोठं शहर. त्याच मिनियापोलिसच्या मतदारांनी जॉर्ज फ्लॉइड यांच्या हत्येनंतर, नोव्हेंबर २०२१ मध्ये, पोलीस खातं बरखास्त करून नवं खातं आणण्याचा प्रस्ताव फेटाळला. आणि ह्यूस्टन, जिथे झोनिंगच, म्हणजे कुठल्या भागात काय बांधायचं याचे नियमच नाहीत, तिथे १९९८ मध्ये शहराच्या गाभ्यात घरासाठी लागणारा किमान प्लॉट १४०० चौरस फुटांवर आणला गेला. परिणामी तिथे मध्यमवर्गीयाला अजून शहरात घर घेता येतं. ह्यूस्टनच्या मतदारांनी २०१५ मध्ये भेदभावविरोधी ठराव मोठ्या फरकाने पाडला हेही खरं आहे, आणि त्याआधी २००९ मध्ये अ‍ॅनिस पार्कर या उघडपणे समलिंगी असलेल्या महिलेला महापौर केलं हेही.

न्यूयॉर्क. आर्थिक बाबतीत ‘डावं’ म्हणावं असं जुनं, पक्कं बांधकाम या शहराइतकं कुणाकडे नाही. भाडेनियंत्रणाखाली सुमारे १० लाख सदनिका, शहराची स्वतःची सार्वजनिक रुग्णालयं, स्वतःचं विद्यापीठ, स्वतःचा प्राप्तिकर. घर खाली करण्याच्या खटल्यात गरीब भाडेकरूला फुकट वकील देणारं हे पहिलं शहर, २०१७ मध्ये. पण १९९४ ते २०१३ अशी सलग वीस वर्षं तिथे डेमोक्रॅट महापौर नव्हता. आधी जुलियानी, मग ब्लूमबर्ग. २०११ या एकाच वर्षात पोलिसांनी रस्त्यावर अडवून चौकशी किंवा झडती घेण्याचे साडेसहा लाखांहून अधिक प्रकार नोंदवले, त्यात बहुसंख्य कृष्णवर्णीय आणि लॅटिनो तरुण. नोव्हेंबर २०२५ मध्ये डेमोक्रॅटिक पक्षातले समाजवादी झोहरान ममदानी महापौर म्हणून निवडून आले. भाडेवाढ गोठवणं, बस मोफत करणं, बालसंगोपन या तीन गोष्टींवर त्यांनी प्रचार केला. वीस लाखांहून अधिक मतदान झालं, महापौर निवडणुकीत इतकं मतदान १९६९ नंतर पहिल्यांदाच. त्यांना ५० टक्क्यांच्या किंचित वर मतं मिळाली. श्रीमंतांवरचा कर वाढवायचा तर मात्र त्यांना आल्बनीत, राज्य विधिमंडळापुढे जावं लागतं. आणि शहर एकजिनसी आहे असं समजू नका. शहराचाच भाग असलेलं स्टेटन आयलंड ट्रम्प यांच्या मागे ठाम उभं असतं, तर ब्राँक्समध्ये त्यांची मतं २०२० मधल्या सुमारे १६ टक्क्यांवरून २०२४ मध्ये २७ वर गेली.

शिकागोबद्दल थोडक्यात. तिथे १९३१ नंतर रिपब्लिकन महापौर झालेला नाही, पण कित्येक दशकं सत्ता चालली ती वॉर्ड, नोकऱ्या आणि उपकारांच्या देवघेवीवर. विचारसरणीला त्यात दुय्यम स्थान होतं. २०२३ मध्ये शिक्षक संघटनेतून आलेले ब्रँडन जॉन्सन महापौर झाले. मार्च २०२४ मध्ये महाग मालमत्तांच्या विक्रीवर जादा कर लावून बेघरांसाठी निधी उभारायचा त्यांचा प्रस्ताव मतदारांनीच पाडला, आणि नोव्हेंबरमध्ये त्यांची ३० कोटी डॉलरची मालमत्ता करवाढ कौन्सिलने ५० विरुद्ध शून्य मतांनी फेटाळली. बोस्टनमध्ये आज मिशेल वू यांच्यासारखी पुरोगामी महापौर सहज निवडून येते. पण १९७४ मध्ये शाळांतलं वांशिक विभाजन मोडण्यासाठी कोर्टाने मुलांना बसने दुसऱ्या वस्त्यांत पाठवायला सांगितलं, तेव्हा तिथे बसवर दगड पडले होते. त्या दंगलीच्या आठवणी असलेली पिढी अजून हयात आहे.

सिएटल. इथे मराठी वाचकांच्या ओळखीचं नाव येतं, क्षमा सावंत. पुण्यात जन्म, मुंबईत बालपण, आणि २०१३ मध्ये उघडपणे समाजवादी म्हणून सिएटल कौन्सिलवर निवड. पुढच्याच वर्षी सिएटलने ताशी १५ डॉलर किमान वेतनाचा कायदा केला. देशाचं किमान वेतन २००९ पासून ७.२५ डॉलरवर अडकलेलं असताना सिएटलचं २०२५ मध्ये २०.७६ झालं. फेब्रुवारी २०२३ मध्ये सावंत यांच्या प्रस्तावावरून जातिभेदावर बंदी घालणारं सिएटल हे अमेरिकेतलं पहिलं शहर ठरलं. आंबेडकरी संघटनांनी त्यासाठी जिवाचं रान केलं होतं. कॅलिफोर्नियात असाच कायदा विधिमंडळाने मंजूर केला, पण ऑक्टोबर २०२३ मध्ये गव्हर्नर न्यूसम यांनी नकाराधिकार वापरला. २००४ मध्ये समलिंगी विवाहाचे परवाने देणारे हेच न्यूसम. दुसरीकडे फ्रेस्नो या शेतीप्रधान, सर्वसाधारणपणे कॉन्झर्व्हेटिव्ह समजल्या जाणाऱ्या भागातल्या शहराने सप्टेंबर २०२३ मध्ये जातीबाबतचा ठराव केला, कारण तिथे पंजाबी समाज मोठा आणि संघटित आहे. एकेका मुद्द्यावरून शहराचा रंग ठरवू नये तो यासाठी.

सिएटलचं वेगळेपण मला जास्त जाणवतं ते त्याच्या यंत्रणेत. २०१५ मध्ये मतदारांनी स्वतःवर मालमत्ता कर लावून घेतला आणि प्रत्येक पात्र रहिवाशाला २५ डॉलरची चार कुपनं द्यायची पद्धत आणली. ही कुपनं शहराच्या निवडणुकीतल्या उमेदवाराला देणगी म्हणून देता येतात. टपालाने पाकीट घरी येतं, कुपनावर उमेदवाराचं नाव लिहून सही करायची आणि परत पाठवायचं. ज्याच्याकडे देणगीला पैसे नाहीत असा भाडेकरूही निवडणुकीत देणगीदार होतो. कामगार चळवळीची मुळंही इथे खोल आहेत. फेब्रुवारी १९१९ मध्ये हजारो कामगारांनी सगळं शहर पाच दिवस बंद ठेवलं होतं. अर्थात इथेही लाटा येतात-जातात. २०२१ मध्ये शहराची सरकारी वकील म्हणून रिपब्लिकन अ‍ॅन डेव्हिसन निवडून आल्या, २०२३ मध्ये कौन्सिल मध्याकडे सरकलं, आणि २०२५ मध्ये डेव्हिसन हरल्या, महापौरपदी डाव्या विचारांच्या केटी विल्सन अगदी थोड्या मतांनी आल्या. त्याच वर्षी फेब्रुवारीत मतदारांनी, दहा लाख डॉलरवर पगार देणाऱ्या कंपन्यांवर कर लावून सार्वजनिक घरं बांधायचा प्रस्ताव मंजूर केला होता.

एकच नाव सांगा म्हणाल तर मी सिएटलचं घेईन. व्यक्तिस्वातंत्र्यात सॅन फ्रान्सिस्को पुढे, सार्वजनिक सोयींमध्ये न्यूयॉर्क पुढे, घरांच्या नियमांत मिनियापोलिस. पण स्वतःच्या खिशाला चाट बसत असतानाही मतदार पुन्हा पुन्हा हो म्हणतो, असं मला सर्वाधिक सिएटलमध्ये दिसलं आहे.

आता मुलीच्या निवडीबद्दल. ऑस्टिन आणि सिएटलमधली माणसं तिला फार वेगळी वाटणार नाहीत. मित्रमंडळी, ऑफिस, रविवारचा बाजार सारखेच असतील. फरक राज्याचा आहे. टेक्सासमध्ये २०२२ पासून गर्भपातावर जवळपास संपूर्ण बंदी आहे. ऑस्टिन कौन्सिलने त्याच वर्षी जुलैत ठराव करून अशा प्रकरणांच्या तपासाला पोलिसांनी सर्वांत कमी प्राधान्य द्यावं असं सांगितलं, पण त्याने दवाखाने उघडत नाहीत आणि डॉक्टरांची भीतीही जात नाही. वॉशिंग्टन राज्यात गर्भपाताचा हक्क १९९१ च्या सार्वमतापासून कायद्यात आहे. आजारपणाची पगारी रजा वॉशिंग्टनमध्ये राज्याच्या कायद्याने मिळते, टेक्सासमध्ये ती कंपनीच्या मर्जीवर असते. पगारावर राज्याचा प्राप्तिकर दोन्हीकडे नाही. घरभाडं मात्र सिएटलमध्ये चांगलंच जड जाईल, ऑस्टिनमध्ये गेल्या काही वर्षांत भरपूर बांधकाम झाल्यामुळे भाडी उतरली आहेत. तेव्हा नोकरीची दोन्ही पत्रं समोर ठेवाल तेव्हा शेजारी दोन्ही राज्यांचे कायदे ठेवा आणि ती जिथे घर बघते आहे तिथल्या शेवटच्या दोन महापौर निवडणुकांचे केंद्रनिहाय निकाल बघा. काउंटीच्या निवडणूक कार्यालयाच्या संकेतस्थळावर ते फुकट मिळतात. अध्यक्षीय निकालांचा तक्ता बाजूला ठेवला तरी चालेल.